म्हाद्याला हाक, खांद्याला कावड

चैत्र शुद्ध द्वादशीला शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटात पाय ठेवायला जागा नसते. माण तालुक्यातल्या या डोंगराची ही बाजू खडी. वर जायला पायऱ्या आहेत, गाडीरस्ताही आहे. पण कावडी मुंगी घाटातूनच चढवायच्या हा दंडक. कावड म्हणजे आडवा बांबू, त्याला लटकवलेले तांब्याचे हंडे आणि वर फडकणारी निशाणं. सासवडची तेल्या भुत्याची कावड मानाची, तिच्यात कऱ्हेचं पाणी असतं. चढावर माणसांची साखळी लागते. वरचा हात देतो, खालचा खांदा लावतो, मधला नुसता दगडाला चिकटून राहतो आणि दुसऱ्याला आपल्या पाठीवर पाय देऊ देतो. कावड अडली की सगळा घाट ओरडतो, "म्हाद्या, धाव!"

महादेवा नव्हे, म्हाद्या. देवाला इथे अरे-तुरे चालतं, प्रसंगी त्याची खरडपट्टीही निघते. पण हाक मारताना कुणाचाही हात सुटत नाही. सुटला तर कावड आणि माणसं मिळून खालच्या ओढ्यात जातील, आणि तो दोष म्हाद्याचा नसेल, हे घाटातलं शेंबडं पोरही जाणतं.

देवावर विसंबायचं की मनगटावर, हा वाद आपण पुस्तकांतून आणि सभांतून पुष्कळ ऐकला. त्यात दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, श्रद्धेशिवाय बळ येत नाही. दुसरी म्हणते, श्रद्धा माणसाला पांगळं करते. दोघांच्याही डोळ्यांपुढे असतो तो एकच, सर्वशक्तिमान, सगळं ठरवणारा परमेश्वर. सातारा-सांगलीच्या माळावरचे देव तसे नाहीत. आरेवाडीचा बिरोबा, खरसुंडीचा आणि म्हसवडचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, शेताच्या बांधावरचा म्हसोबा, वेशीवरची मरीआई: यांतल्या कुणीही जग निर्माण केल्याचा दावा केलेला नाही. त्यांच्या हद्दी ठरलेल्या, खाती ठरलेली, रुसवेफुगवे ठरलेले. ख्रिस्ती धर्म पसरण्याआधी युरोपातही असेच ओढ्याचे, रानाचे, चुलीचे देव होते. त्यांना मानणाऱ्यांना पुढे पेगन म्हटलं गेलं. अशा देवांच्या बाजूने पाहिलं तर हा वाद वेगळाच दिसतो, आणि तो नीट पाहायला दुष्काळी पट्ट्याइतकी चांगली जागा नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माणच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. अशा ठिकाणी देव आणि मनगट दोन्हींची परीक्षा दरसाल होते.

आधी नवसाचं पाहू. नवसाला भक्ती म्हणणं थोडं भाबडेपणाचं आहे. तो करार आहे. गाय नीट व्याली तर पहिला खरवस तुला. पोराला नोकरी लागली तर पायी येईन. यात 'जर' आहे, 'तर' आहे, आणि आगाऊ रक्कम सहसा नाही. काम झालं की फेड. फेड चुकली तर देव धरतो अशी धास्ती, म्हणून म्हातारी माणसं मरताना कर्जाइतक्याच काळजीने राहिलेले नवस पोरांना सांगून ठेवतात.

रोमन लोकांचा व्यवहार हुबेहूब हाच होता. ब्रिटनपासून सीरियापर्यंत त्यांच्या सैनिकांनी आणि व्यापाऱ्यांनी उभारलेल्या दगडी वेद्यांवर शेवटी चार अक्षरं कोरलेली सापडतात. त्यांचा मथितार्थ असा: नवस फेडला, खुशीने, देवाचा तो हक्कच होता. पावतीच ती! इंग्लंडातल्या बाथ गावच्या गरम झऱ्यातून शिशाचे शंभराहून जास्त पत्रे निघाले. त्यांत कुणी आंघोळीच्या वेळी झगा चोरीला गेल्याचं गाऱ्हाणं सुलिस मिनर्व्हा देवीला घातलंय आणि चोराला झोप लागू देऊ नकोस अशी विनंती केलीय. आपल्याकडे भांडण विकोपाला गेलं की "देवाच्या पायरीवर चल" म्हणतात, त्याचीच ही रोमन काळातली लेखी प्रत.

करार म्हटला की दोन्ही बाजू बांधल्या जातात, म्हणजे देवही. पाऊस ओढला की गावं काय करतात? पोराच्या अंगाला लिंबाचे डहाळे बांधून दारोदार धोंडी नाचवतात, घरोघरी त्याच्यावर पाणी ओततात. तेवढ्याने भागलं नाही तर महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवतात. गुदमरलास की कळेल तुला! ही प्रार्थना नाही, हा घेराव आहे. कौलाचंही तसंच. पिंडीला किंवा मूर्तीला चिकटवलेली कळी, तांदूळ उजवीकडे पडला तर होकार, डावीकडे पडला तर नकार. नकार मिळाला की घरी जाणारा भक्त मी तरी पाहिलेला नाही. प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारतात. धनगरी जत्रांतून होईक होते, म्हणजे अंगात आलेला माणूस येत्या साली पाऊस कुठल्या नक्षत्रात, मेंढराला रोग कुठला, बाजार तेजीत की मंदीत हे बोलतो. मेंढपाळ ते कान देऊन ऐकतात आणि मग कुठल्या रानात वाडा न्यायचा हे आपसात बसून, रानाची माहिती काढून ठरवतात. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याची कितीतरी वर्षं या मेंढपाळांच्या देवांमागे घालवली. रा. चिं. ढेऱ्यांनी खंडोबा आणि शिंगणापूरचा शंभुमहादेव यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. दोघांच्या लेखनातून उभा राहणारा देव हा आभाळातला धनी नसून बरोबर चालणारा, थकणारा, लग्न करणारा, चुकणारा सोबती आहे.

या व्यवहारावर सर्वांत जुनी टीका झाली ती घरातूनच. तुकोबांनी नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला हवा होता, असा रोकडा सवाल टाकला. वारकऱ्यांना देवाशी सौदा नको होता, प्रेम हवं होतं. त्यांची बाजू उंच आहे, मान्य. पण नवस करणाऱ्या बाईने लग्न केलं नव्हतं असं थोडंच आहे? नवरा होता, सुईण होती, औषधपाणीही चालू होतं. उरलं होतं ते तिच्या किंवा कुणाच्याच हातातलं नव्हतं, आणि त्या उरलेल्याचा नवस होता. माझ्या मते गावदेवांच्या धर्माचं सगळं मर्म या उरलेल्यात आहे. पेरणी माणसाची, पाऊस देवाचा. खुराक माणसाचा, साथ देवाची. जे हाताने होतं ते देवाकडे मागायचं नाही; मागितलं तर "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" म्हणून गावच हसतं.

ग्रीकांनीही हेच म्हटलं होतं. इसापाच्या नावावरच्या एका गोष्टीत जहाज फुटल्यावर एक अथेन्सवासी समुद्रात हातपाय न हलवता अथेनादेवीला नवसावर नवस बोलत राहतो. शेजारून पोहणारा सोबती त्याला सांगतो की देवीला हाक मार, पण हातही मार. एपिक्युरस तर म्हणायचा, आपलं आपल्याला मिळवता येतं ते देवांकडे मागणं हा मूर्खपणा. सिसेरोच्या देवांवरील ग्रंथात कोट्टा नावाचं पात्र आणखी पुढे जातं. पीक आलं, पैसा आला म्हणून माणसं देवाचे आभार मानतात, पण आपण सज्जन झालो याबद्दल देवाचे आभार मानल्याचं कुणी ऐकलंय का? विशेष म्हणजे हा कोट्टा स्वतः रोमचा पुरोहित.

आणि थेट टोकाला गेलेले होते उत्तरेकडचे नॉर्स लोक. आइसलँडच्या जुन्या कथांत अशी माणसं भेटतात जी थॉरला मानत नाहीत, ख्रिस्तालाही नाही. आपला विश्वास आपल्या बळावर आणि ताकदीवर, एवढंच सांगतात. हॉल नावाच्या एकाला आणि त्याच्या बापाला तर 'देवहीन' हेच आडनावासारखं चिकटलेलं. ह्राफ्नकेलची कथा आणखी बोलकी आहे. तो फ्रेय देवाचा कट्टर भक्त, देवाला वाहिलेल्या घोड्यावर बसला म्हणून एका गुराख्याचा जीव घेणारा. पुढे शत्रूंनी त्याचं घरदार हिसकावलं, घोडा कड्यावरून लोटला, देऊळ जाळलं. ते कळल्यावर देवांवर विसंबणं व्यर्थ आहे असं म्हणून त्याने बळी देणं कायमचं सोडलं आणि पुन्हा कष्टाने उभा राहिला. यात देवाशी वैर नाही. करार मोडला, हिशेब बंद, इतकंच. त्यांच्याइतकं दूर जायची आपल्याला गरज नाही. आपल्याकडे एक राजाच देवाची हाक आणि अंगमेहनत या दोन्ही गोष्टी एका चटईवर करत होता.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब. संस्थान छोटं, विखुरलेलं. एक तुकडा साताऱ्यात औंधला, दुसरा तिकडे दुष्काळी आटपाडीला. कुलदैवत यमाई, औंधच्या डोंगरावरची. राजा चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचा वेडा. सूर्याची उपासना या देशात वेदांइतकी जुनी. पण बाळासाहेबांनी तिची शिस्तबद्ध कवायत केली. सूर्याच्या नावांचा मंत्र म्हणायचा आणि त्याच श्वासात गुडघे, पाठ, छाती, खांदे कामाला लावायचे. शाळांतून नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली, राणीसाहेबही घालत, राजा म्हातारपणातही घाली. सूर्य काही देणार आहे म्हणून नाही. घालणाऱ्याचं अंग सुधारतं म्हणून. नाव देवाचं, घाम आपला.

हाच राजा 1939 च्या जानेवारीत सत्ता सोडायला निघाला. महात्मा गांधी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या सल्ल्याने औंधची राज्यघटना झाली आणि कारभार ग्रामपंचायतींकडे गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली ती याच काळात, व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या 1957 च्या चित्रपटामागे तीच आहे. त्याच मुलखातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त धनगरांच्या वाडीने एक तालीम बांधल्याचं सांगितलं. दगड, माती, लाकूड सगळं गावाचं, राबणारे हातही गावाचेच. गावात देव होते, अंगात येणंही होतं. तालीम बांधताना ते कुणाच्या आड आले नाही. पुढे दुष्काळ आला आणि वाडी उठली. दुष्काळापुढे तालीमही उपयोगाची नव्हती, देवही नाही. माडगूळकरांनी तिथे काही समजावून सांगितलेलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव इथे टाळून चालणार नाही, पण त्यांची गोष्ट पुष्कळांना पाठ आहे. 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था, पुढे साताऱ्याला बिऱ्हाड, स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद, कमवा आणि शिका ही रीत. वसतिगृह चालवायला पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मला त्यात लक्षात राहतो तो संस्थेच्या चिन्हावरचा वड. वटपौर्णिमेला ज्याला बाया सूत गुंडाळतात त्याच झाडाच्या पारंब्या जमिनीत रुजून स्वतः खोड होतात, म्हणून भाऊरावांनी तो निवडला. झाड न तोडता त्याचा अर्थ बदलण्याची ही हातोटी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधकांची.

ती हातोटी सर्वांत ठसठशीत दिसते ती सांगली जिल्ह्यात, येरळेच्या वाळूत.

येरळा खटाव तालुक्यातून येते, खानापूर-तासगावकडून वाहत कृष्णेला मिळते. वर्षातले बरेच महिने ती नदी नसून वाळूचा पट्टा असते. पाणी असतं ते वाळूच्या पोटात, आणि काठच्या विहिरी त्याच्यावर जगतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला. त्याच सुमारास, 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि सातारा-सांगलीचे गिरणी कामगार बोचकी बांधून गावी आले. गावात पाणी नाही, हाताला काम नाही, आणि डोळ्यांदेखत ठेकेदारांचे ट्रक येरळेतली वाळू भरून शहराकडे चाललेले. वाळू गेली की पाणी धरायला काही उरत नाही, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ नको होता. विहिरी सांगत होत्या.

यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तिच्यात भारत पाटणकर होते. कासेगावचे, आईवडील दोघेही प्रतिसरकारच्या लढ्यातले. के. आर. दात्यांसारखे अभियंते मदतीला आले. बलवडी आणि तांदूळवाडी या दोन गावांनी ठरवलं की नदीवर लहान धरण आपणच बांधायचं. पैसा? ठेकेदार विकतो तीच वाळू आपण बेताने विकायची आणि त्यातून सिमेंट घ्यायचं. बलवडीचे संपतराव पवार या कामात पुढे होते. सरकारने परवानगीसाठी झुलवलं, मोर्चे निघाले, बाहेरगावची कॉलेजची पोरं श्रमदानाला आली. 1990 च्या सुमारास धरण उभं राहिलं. पाणीवाटपाचा नियम त्याहून धाडसाचा होता: पाणी जमिनीच्या मापाने नाही, कुटुंबागणिक सारखं, भूमिहीनालाही त्याचा हिस्सा. उसाला पाणी नाही. पश्चिम महाराष्ट्रात हे वाक्य उच्चारायलाही छाती लागते.

धरणाला नाव दिलं बळीराजाचं. बळीराजा स्मृती धरण.

कुणी नेत्याचं देतं, कुणी देवीचं. यांनी दिलं त्या असुर राजाचं ज्याला वामनाने पाताळात ढकलला. पुराणात तो हरलेला, पण कुणब्याच्या घरात हरलेला नाही. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना इडा पिडा टळो आणि बळीचं राज्य येवो असं बाया अजून म्हणतात. 1873 साली 'गुलामगिरी'त महात्मा फुल्यांनी या बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभा केला आणि खंडोबा, म्हसोबा यांना त्याच्या राज्यातले सुभेदार-अधिकारी ठरवलं. इतिहास म्हणून ते टिकतं का, हा वेगळा प्रश्न. पण युक्ती पाहा. फुल्यांनी शेतकऱ्याच्या बांधावरचा शेंदरी दगड उचलून फेकून दिला नाही. हा तुझाच जुना कारभारी आहे, तो मालक नाही, असं सांगितलं. मग शंभर वर्षांनी त्या राजाच्या नावाने त्याच्याच रयतेने, कुणाची वाट न पाहता, भिंत घातली. बळीचं राज्य 'येवो' म्हणत बसण्याऐवजी दोन गावांपुरतं ते आणून दाखवलं. श्रद्धा की स्वावलंबन असा प्रश्न येरळेच्या पात्रात उभं राहून विचारला तर विचारणाऱ्याच्या हातात पाटी दिली गेली असती.

हाताने होण्याजोगं वाढत जातं तसा देवाचा उरलेला भाग आक्रसतो. हे एका देवीच्या बाबतीत अगदी तारखेनिशी सांगता येतं. अंगावर फोड उठले की देवी आल्या म्हणायचे. घरात फोडणी बंद, लिंबाचा पाला, दाराशी पाणी. 1802 साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं टोचणारे आणि टोचून न घेणारे यांची पळापळ चालली. 1975 नंतर देशात रुग्ण सापडला नाही, 1977 साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. देवी सोडून गेली, देऊळ राहिलं. बाया अजूनही ओटी भरतात. लेकरू सुखी राहू दे, एवढंच मोघम मागतात. खातं गेलं तरी मंत्रिपद राहिलेल्या पुढाऱ्यासारखी तिची अवस्था आहे.

मरीआईची गोष्ट इतकी गोड नाही. पटकीची साथ आली की गाव तिचा गाडा काढायचं. गाड्यात देवी, नैवेद्य, बांगड्या. वाजतगाजत वेशीबाहेर, आणि पुढच्या गावच्या हद्दीत नेऊन सोडायचा. ते गाव पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलणार. आमची पीडा तुमच्याकडे, असा हा सरळ व्यवहार. पाण्यातून रोग पसरतो हे कळेपर्यंत माणसांच्या हातात दुसरं काही नव्हतं हे खरं; पण करारी धर्माची ही काळी बाजू झाकायचं कारण नाही. ज्याचा करार आपल्यापुरता, त्याला शेजाऱ्याचं सोयरसुतक कमी. वाघ्या-मुरळीपासून पोतराजापर्यंत ज्यांची आयुष्यं देवाला वाहिली गेली, त्यांना तर करार करताना कुणी विचारलंच नव्हतं. नवस आईचा, फेड पोरीची. इथे माझं नवसाबद्दलचं कौतुक संपतं.

हेच ज्यांनी जन्मभर सांगितलं ते नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. जन्म 1 नोव्हेंबर 1945, वैद्यकीचं शिक्षण मिरजेला, कबड्डीचे नामांकित खेळाडू, साताऱ्यात दवाखाना. 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. समितीची भूमिका बारकाईने पाहण्यासारखी आहे. देव आणि धर्म यांबद्दल ती तटस्थ होती. तिचा विरोध होता शोषणाला, फसवणुकीला, भूत उतरवण्यासाठी दिलेल्या चटक्यांना. म्हणजे देवाशी माणसाने केलेल्या कराराला नव्हे, मधे घुसलेल्या दलालाला. मुंगी घाटात दलाल नसतो. भगत, बुवा, देवऋषी यांच्या दारात असतो, आणि तो पहिली गोष्ट काय करतो तर तुमचा हात सोडायला लावतो: औषध बंद कर, डॉक्टरकडे जाऊ नको, मी सांगतो ते कर.

कधी कधी बुवाही लागत नाही. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा. वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, मागून रेटणारी गर्दी, मग दुकानांना लागलेली आग. तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक गरीब घरची. देवीचा कोप झाला म्हणणारे निघाले, आणि ही अंधश्रद्धेची फळं म्हणणारेही निघाले. दोघांनीही आपापली जुनी पट्टी लावली. निसरडी पायरी हा ना देवीचा प्रांत होता, ना नास्तिकांचा. लाखो माणसं एका अरुंद डोंगरमाथ्यावर जाणार तर येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी, नारळ कुठे फोडायचा, दुकानं किती अंतरावर, हे सगळं हाताने होण्याजोगं होतं आणि ते कुणी केलं नव्हतं. त्यानंतर चौकशी आयोग बसला. पशुबळी, मंदिरापाशी नारळ फोडणं यांवर बंदी आली. जत्रा चालू आहे.

दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात गोळ्या घालून मारलं. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं खेटे घालत होते, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात विधिमंडळाने केला. कायद्यात काय गुन्हा आहे याबरोबर काय गुन्हा नाही हेही लिहिलं आहे: प्रदक्षिणा, यात्रा, पूजा, कीर्तन यांना त्याने हात लावलेला नाही. नवस बोला, कावड चढवा. दुसऱ्याचं अंग भाजू नका, त्याला उपचारापासून अडवू नका.

आता राहता राहिला पाऊस, देवाच्या खात्यातला सर्वांत मोठा. तोही पुरता देवाकडे राहिलेला नाही. 2016 च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, 2018 ला माण तालुक्यातलं टाकेवाडी. चर खणले, बांध घातले. पाऊस पडला तेवढाच, पण पळून गेला नाही. 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांनी कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून सरकारला दमू दिलं नाही. कराडजवळ टेंभू गावाशी कृष्णा अडवून पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवलं गेलं आणि खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळपर्यंत पोचलं. हे टेंभू म्हणजे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. बुद्धिवाद्यांच्या त्या मेरुमणीच्या गावातून उचललेलं पाणी बिरोबाच्या मुलखात पडतं. ते पहिल्यांदा तलावात उतरलं की गावकरी जलपूजन करतात. नारळ फुटतो, पाण्यात साडीचोळी सोडतात, आमदार फेटा बांधून उभे असतात. आगरकर चिडले असते. मला त्यात चिडण्यासारखं दिसत नाही. पंप चालू ठेवून नारळ फोडतायत ना.

भांडण लागतं ते पुढे, बिलावरून. एवढं पाणी एवढ्या उंचीवर चढवायचं तर वीज प्रचंड लागते, आणि वीजबिल थकलं म्हणून योजना बंद पडल्याच्या बातम्या या पट्ट्यात कित्येक उन्हाळ्यांत आल्या. शेवटी बिलातला 81 टक्के वाटा सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असं ठरलं. तरी पाणीपट्टीची थकबाकी हा सांगली-साताऱ्याच्या पाटबंधारे कचेऱ्यांतला बारमाही विषय आहे. बिरोबाचा नवस थकवायची हिंमत या भागात कुणाची होत नाही. कचेरीतल्या साहेबाने बिरोबाच्या पुजाऱ्याला वसुलीला पाठवावं अशी एक सूचना चहाच्या टपरीवर मी ऐकलेली आहे, आणि सांगणारा हसत नव्हता.